मोगऱ्याची ओवी कुणाची? तळकोकणातल्या वाचनालयांना खुलं पत्र

तळकोकणातल्या सार्वजनिक वाचनालयांची कार्यकारी मंडळं आणि ग्रंथपाल यांना

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. नोकरीभर मराठीच शिकवलं आणि लहानपणापासून वाचनालयाची सभासद आहे. तुमच्यातल्या काहींना मी वर्गात शिकवलंय, काहींनी मला पुस्तकं शोधून दिली आहेत. त्या नात्यानं हे पत्र लिहितेय.

गेल्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या भागातल्या एका वाचनालयात कार्यक्रम होता. कुणाला उघडं पाडायचं नाही, म्हणून नाव घेत नाही. दारात रांगोळी, आत फळ्यावर रंगीत खडूंनी सुरेख अक्षरात लिहिलेली ओवी: ‘पुस्पांमाजि पुस्प मोगरी, कि परिमळांमाजि कस्तुरी, तैसी भासांमाजि साजिरी, मराठिया’. आणि खाली नाव, संत ज्ञानेश्वर.

फळा लिहिणारा मुलगा माझा विद्यार्थी निघाला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, अरे, ही ओवी माउलींची नाही, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तली आहे. तो बिचारा लगेच डस्टर घेऊन नाव पुसायला गेला. नाव पुसून झालं तेवढ्यात मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘‘राहूंदे हो बाई. आजच्या दिवशी पाद्र्याचं नाव कशाला? ओवी चांगली आहे ना, झालं.’’ मुलाचा हात थांबला. कार्यक्रमभर ती ओवी फळ्यावर निनावी राहिली. भाषणं झाली, अभिजात दर्जाबद्दल टाळ्या झाल्या, माझी नजर मात्र त्या पुसलेल्या जागेवरच होती.

पुढच्या आठवड्यात त्याच वाचनालयात जाऊन मी पुस्तक मागितलं. रजिस्टरात नोंद होती. ग्रंथपालबाईंनी किल्ली शोधून मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. कपाटावर कागद चिकटवलेला, ‘धर्म – इतर’. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून काढलेली देवनागरी आवृत्ती होती ती. पानांना कसर लागलेली, कडा पावसाळ्यांनी फुगलेल्या. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, तोही तीसेक वर्षांपूर्वीचा. ज्या पुस्तकातल्या चार ओळींशिवाय आपला एकही मराठी दिन पार पडत नाही, ते पुस्तक मराठीच्या कपाटात नव्हतंच.

म्हणून आधी त्या माणसाबद्दल थोडं सांगते. आपल्याला ओवी पाठ असते आणि माणूस ठाऊक नसतो.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ चा, इंग्लंडातल्या विल्टशायरमधल्या बुश्टन गावचा. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक पंथानं राहणं म्हणजे जिवाशी खेळ होता. त्यांचा जिवलग मित्र टॉमस पाउंड याच पायी तुरुंगात पडला. स्टीफन्स निसटले, रोमला गेले आणि १५७५ साली येशू संघात, म्हणजे जेझुइटांत, दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाज सुटलं, ते २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. पंधरवड्यानंतर, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे, पण मला त्या नोंदीपेक्षा ते पत्र जवळचं वाटतं. त्यात तिशीतला एक मुलगा बापाला सांगतोय की द्राक्षाची वेल सोडली तर युरोपात पाहिलेलं एकही झाड इथे दिसलं नाही, आणि इथले लोक पितात ते चांगलं पाणी, नाहीतर माडाची माडी. चार वर्षांनी, १५८३ च्या ऑक्टोबरात, भावाला पाठवलेल्या पत्रात तर माडाचं कौतुक संपत नाही. एकाच झाडापासून तेल, माडी, गूळ, शिरका, असं करत तो माणूस मोजत सुटलाय. आपल्या परसात उभ्या असलेल्या झाडाकडे इतक्या नवलानं पाहणारं लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही.

त्याच पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. इथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. संस्कृत आणि युरोपातल्या भाषा एका कुळातल्या असाव्यात हे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडलं ते १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षं आधी दक्षिण गोव्यातल्या साष्टीत बसलेल्या एका पाद्र्याच्या कानाला ते जाणवलं होतं. (पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत सांगता आलं असतं. माझ्या नोकरीत तरी ते कधी आलं नाही.)

त्यानंतरची जवळपास चाळीस वर्षं त्यांची साष्टीतच गेली. लोक त्यांना पाद्री इस्तेव्हांव म्हणत. १६१९ साली गोव्यातच वारले. इंग्लंडला परत गेले नाहीत.

‘ख्रिस्तपुराण’ साष्टीतल्याच रायतूरच्या छापखान्यात १६१६ साली छापलं गेलं. त्या वेळी एकनाथमहाराजांना जाऊन सतराच वर्षं झाली होती, आणि तुकोबा देहूत पोर वयाचे होते. ओव्या जवळजवळ अकरा हजार. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या कराराच्या कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अध्यायाला ते ‘अवस्वरू’ म्हणतात, पहिल्यात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ. स्वर्गाला वैकुंठ म्हणतात. हे पुराण का लिहिलं, तेही आरंभीच सांगून टाकलंय. बाप्तिस्मा घेतलेला एक गृहस्थ पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणं वाचायची तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? हा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. ज्याच्याकडून पोथी काढून घेतली, त्याचा तो आवाज आहे. आणि तो आवाज दाबून न टाकता स्टीफन्सनी आपल्या ग्रंथाच्या दारातच उभा केलाय.

आता माझ्या आईबद्दल. आई चौऱ्यांशी वर्षांची. माहेर पेडण्याचं. पांडवप्रताप, शिवलीलामृत तिच्या तोंडावर. आता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रोज दुपारी मी वाचते नि ती ऐकते. त्या आठवड्यात मी ‘ख्रिस्तपुराण’ वाचायला घेतलं, काय वाचतेय ते न सांगता. सुरुवातीला गद्य प्रस्तावना आहे. स्टीफन्स तिथे लिहितात की परमेश्वराच्या गोष्टी सांगायला इथल्या भाषांत मराठीच योग्य वाटली, पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून मागच्या कवींची अवघड ‘उतरें’, म्हणजे शब्द, सोडून दिली आणि ब्राह्मणांच्या भाषेतली, म्हणजे तिथल्या कोकणीतली, सोपी उतरं ठायी ठायी मिसळली. ‘भासांभितुर’ हा शब्द आला नि आईनं मान वर केली. ‘उतरें’ आला तशी सरळ उठूनच बसली. ‘‘कोणाचा गो ह्यां?’’ मी सांगितलं, चारशे वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्याचं, इंग्लंडातून आलेल्या. आई म्हणाली, ‘‘पाद्री? ह्यो तर आपल्यासारखोच बोलता!’’

पुढे ‘हरळांमाजि रत्नकिळा’ आलं. माझ्या वर्गात या ओळीला मला दर वर्षी अर्थ फोडून सांगावा लागायचा. आईला लागला नाही. तांदूळ निवडताना काढतो तो खडा म्हणजे हरळ, तिनं सूप हातात धरल्यासारखी बोटं हलवून दाखवली. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा ग्रंथ तळटिपा घेऊन वाचावा लागतो. आपल्याकडच्या म्हातारीला तो नुसता कानावर पडला तरी पुरतो. या पुस्तकावर सगळ्यात आधी हक्क कुणाचा असेल तर तो आपला, तेरेखोल नदीच्या या काठाचा आणि त्या काठाचा.

तो कानांनी घ्यायचाच ग्रंथ आहे. ओवीचे तीन चरण यमकात, चौथा मोकळा, आपल्या सगळ्या पोथ्यांसारखाच. चर्चमध्ये सणावारी तो मोठ्यानं म्हणत. आई तिसऱ्या दिवसापासून चौथ्या चरणाला माझ्याबरोबर ‘हं’ म्हणू लागली, शिवलीलामृताला म्हणते तशी.

आणखी एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून सांगते. गोव्यात छापखाना आला १५५६ साली, पण देवनागरी खिळे नव्हते. म्हणून मराठीतलं हे एवढं मोठं काव्य रोमन लिपीत छापावं लागलं. स्टीफन्सना ते मनापासून खुपत होतं. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना लिहिलं की इथल्या भाषेची पुस्तकं इथल्याच अक्षरांत छापलेली पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. अडचणही सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे अक्षर म्हणजे पूर्ण बाराखडी, सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील. विचार करा, देवनागरीच्या काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरं एकेक करून मोजायला बसलेला साठीतला पाद्री. ते खिळे त्यांच्या हयातीत पडले नाहीत. पुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं, तेही रोमन लिपीतच. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज कुठे सापडत नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, त्याला तीन वर्षांची मुदत दिली. पण लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या होत्या. मंगळूरच्या बाजूला त्या जपल्या गेल्या, त्यांवरून सालढाणा यांनी १९०७ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात तर देवनागरीत लिहिलेली हस्तलिखित प्रत निघाली. आणि मग १९५६ ची बंडेलूंची आवृत्ती. साष्टीतल्या त्या पाद्र्याची इच्छा छापून पुरी व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. ती छापील देवनागरी प्रत कसरीनं खाल्लेली पाहणं मला फार जड गेलं.

आता त्या ज्येष्ठ सदस्यांच्या बोलण्याकडे येते. त्यांचा राग मी उडवून लावणार नाही. माझ्याही घरात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. मूळ ठाणं साष्टीतलं केळशी. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा देवीला नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, नेलं. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला. साष्टीतली देवळं गेली ती १५६७ च्या सुमारास, स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षं आधी. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, त्याआधीच, १५६० पासून. माणसं देव डोक्यावर घेऊन नेसत्या वस्त्रांनिशी निघाली. आमचे पूर्वज तसेच वेंगुर्ल्याकडे आले असं घरात सांगत आलेत. ते काही १५८३ मध्ये आले नाहीत, पण ते साल मला विसरता येत नाही. त्या वर्षी जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी उठाव केला, पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून बोलावून असोळण्याच्या किल्ल्यात ठार केलं. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होते. ज्या सत्तेनं हे केलं तिच्याच आसऱ्यानं त्यांनी धर्मप्रसार केला. ‘ख्रिस्तपुराण’ हे धर्मप्रसाराचंच पुस्तक आहे, आपल्या देवांबद्दल त्यात आपल्याला न रुचणारंही आहे. मी ते सगळं वाचलंय. स्वतःच्या धर्मापायी ज्याला आपला देश सोडावा लागला, तो माणूस इथे आला तेव्हा त्याच्याच संघटनेपायी इतरांना गाव सोडावं लागत होतं. याचं त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी किती रात्री केलाय. उत्तर मिळालेलं नाही.

पण मग मी काय करू? ओवी घेऊ नि नाव पुसू? तसं केलं तर त्या काळात झालेल्या कुठल्याच गोष्टीचा न्याय होत नाही. उलट, ज्या पिढीनं पुस्तकं बंद करण्याचं दुःख भोगलं, तिच्या वंशजांनी एक पुस्तक बंद करून ठेवलं, एवढंच होतं. हे पुस्तक वाचलं की साष्टीतल्या त्या माणसांची भाषा ऐकू येते. आमचे पूर्वज जे बोलत गाव सोडून गेले, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं लिखाण माझ्या हाती दुसरं नाही. ती उतरं जपली ती एका पाद्र्यानं. हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला, पण आज मी ते मान ताठ ठेवून म्हणते. आणि त्या सदस्यांनाही सांगते की काका, तुमचं नि माझं कुळ एकच. तुम्ही एकदा वाचा, मग आपण कडकडून भांडू.

हे एकट्या स्टीफन्सचं झालं असतं तरी मी लिहिलं असतं. पण त्या ‘धर्म – इतर’ कपाटात मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘अभंगांजली’ही दिसली. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे पाळक झाले, ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू सांभाळली, नगरला बालकवींना घरात ठेवून घेतलं आणि येशूवर लिहिलं ते आपल्या संतांच्या अभंगात. तेही मराठी कवितेच्या कपाटात नाहीत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही हाच सूर निघाला होता, पाद्री कशाला म्हणून. या किनाऱ्यानं मराठीला चारशे वर्षांत असे लेखक दिले आणि आपण त्यांचं कपाट वेगळं केलं.

माझं मागणं फार मोठं नाही, खर्चाचंही नाही. ‘ख्रिस्तपुराणा’ची प्रत तुमच्याकडे असेल तर ती कुलुपातून काढून मराठी काव्याच्या मांडणीवर ठेवा, एकनाथ आणि मुक्तेश्वरांच्या शेजारी. नसेल तर यंदाच्या खरेदीत घ्या, फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची आवृत्तीही आहे. पानं कसरीनं खाल्ली असतील तर पुस्तक उन्हाला लावा, निदान कडुलिंबाचा पाला तरी ठेवा मध्ये. आणि येत्या २७ फेब्रुवारीला फळ्यावर चार ओळी लिहून थांबू नका. एक अख्खा अवस्वरू मोठ्यानं वाचा, खाली कवीचं नाव लिहून. वाचायला आपल्या गावातल्या ख्रिस्ती घरांतून कुणाला तरी बोलवा. वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण, कुठेही ही घरं आहेत, आणि त्यातल्या किती जणांना वाचनालयानं आजवर व्यासपीठावर बोलावलं असेल, हे ज्यानं त्यानं आपापल्या रजिस्टरात पाहावं. वाचणारा अडखळला तर अडखळू दे. समोर चार म्हाताऱ्या बसलेल्या असू देत, त्या शब्द पुरवतील.

त्या फळा लिहिणाऱ्या मुलाला मी मुद्दाम भेटले. त्याला वाईट वाटत होतं, त्यानं विचारलं, ‘‘बाई, मी नाव लिहायला हवं होतं ना?’’ मी त्याला माझ्याकडची प्रत वाचायला दिली. दोन महिन्यांनी परत आणून दिली, कव्हर घालून.

आता ती प्रत पुन्हा माझ्याकडे आहे. आषाढी एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, आमच्या पडवीत दुसऱ्या पुराणाचा पहिला अवस्वरू वाचायला घेतेय. पुढे चातुर्मासभर दर रविवारी. आई असेल, शेजारच्या दोघी असतील, खालच्या वाड्यातल्या एक ख्रिस्ती बाई येते म्हणाल्यात. प्रत एकच आहे, त्यामुळे ऐकायलाच यावं लागेल. पाऊस असेल तर छत्र्या ओट्यावर ठेवायला जागा आहे.

आपली,
एक जुनी सभासद
वेंगुर्ले तालुका